दोन कपाटांमधलं अंतर

माझ्या पहिल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट होतं. त्यात गोष्टींची पुस्तकं होती. काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली, शिलाई ताठ. शाळेपासून चालत पाच मिनिटांवर, ग्रामपंचायतीच्या माडीवर, ‘ड’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय होतं. तिथलं कपाट लाकडी, काचेच्या दारांचं, आणि त्याच्या खालच्या दोन फळ्या बालविभागाच्या. मी त्या गावात रुजू झालो तेव्हा शाळेच्या कपाटातलं एकही पुस्तक कुणा मुलाच्या दप्तरातून घरी गेलेलं नव्हतं, आणि वाचनालयाचा जिना एकही मूल चढत नव्हतं. ग्रंथपालांची आणि माझी ओळख झाली ती मतदार यादीच्या कामात. पुस्तकांच्या निमित्तानं आम्ही भेटावं असं दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं.

यात कुणाचा आळस नव्हता, हे आधीच सांगतो. शाळेतलं प्रत्येक पुस्तक साठा नोंदवहीत चढवलेलं असतं. बदली झाली की चार्ज देताना ते मोजून द्यावं लागतं आणि कमी भरलं तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून कपाटाला कुलूप आणि किल्ली खिशात. वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्रं चाळायला वडीलधारी मंडळी येतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली कोपऱ्यात बसलेली असतात. त्यांना शांतता हवी, आणि लहान मूल आलं की आवाज आलाच. ग्रंथपालाचं मानधन इतकं तुटपुंजं की दिवसा शेत किंवा दुकान सांभाळायचं आणि उरलेल्या दोन-तीन तासांत वाचनालय उघडायचं. वर मंत्रालयात तर ही दोन कपाटं दोन निराळ्या विभागांची. शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, सार्वजनिक ग्रंथालयं उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. एका विभागाचं परिपत्रक दुसऱ्याच्या कपाटापर्यंत पोचायचं काही कारणच नसतं.

कायदे पाहिले तर दोन्ही कपाटांना आधार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. त्याच्या आधारानं राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या 11-12 हजारांच्या घरात गेली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर स्पष्टच म्हटलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, नियतकालिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. गोष्टींच्या पुस्तकांचा वेगळा उल्लेख कायद्यात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र ही दोन कपाटं एकमेकांना कधी भेटणार, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. ते माणसांनी ठरवायचं. काही तालुक्यांतल्या शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी ते ठरवलं, महिन्यातून एकदा एकत्र बसायला सुरुवात केली, आणि त्या बैठकांतून जे हाती आलं त्याची टिपणं म्हणजे हे पुस्तक.

टिपणांकडे वळण्याआधी, वाचायला शिकणं म्हणजे काय यावर थोडं थांबायला हवं. आमच्यापैकी बहुतेकांची गल्लत तिथंच झाली होती.

‘असर’ या शैक्षणिक पाहणीत मुलाला एक कागद दिला जातो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल कुठवर पोचतं ते पाहायचं. 2024 च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे 27 टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. पाचवीतही हे प्रमाण निम्म्याच्या थोडं खालीच होतं. असे आकडे आले की शाळेत एक धावपळ सुरू होते. मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवा, बाराखडी पुन्हा घ्या, रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्या. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. मुलं अक्षरं ओळखायला लागायची, शब्दही फोडून वाचायची, पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची.

देवनागरीचं ओझं लहान नाही. 34 व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेहून अधिक चिन्हं होतात, जोडाक्षरं आणखी वेगळी. पहिलीच्या एका वर्षात हे सगळं बसेल अशी अपेक्षा पाठ्यक्रम बाळगतो. 2011 ते 2016 या काळात पालघर जिल्ह्यात आणि कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात मुलांच्या वाचन-लेखनाचा एक दीर्घ अभ्यास झाला. मुलांसोबत वर्षानुवर्षं राहून केलेला असा अभ्यास आपल्याकडे विरळाच. वर्गातला किती वेळ वर्णमाला घोकण्यात, फळ्यावरचं उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जातो, आणि अर्थासाठी वाचायला किती थोडा उरतो, हे त्यातून फार स्पष्टपणे समोर आलं. वाचता न येणाऱ्या मुलाला आपण आणखी अक्षरं देतो. ती अक्षरं ज्यासाठी शिकायची, ती गोष्ट मात्र आधी ‘वाचता येऊ दे’ म्हणून कपाटात ठेवतो.

त्यात घरची भाषा वारली, कातकरी, कोरकू, पावरी किंवा गोंडी असली तर पुस्तकातली मराठी त्या मुलाला जवळजवळ परक्या गावासारखी. माझ्या वर्गात मराठी बोलणारीच मुलं होती. पण ‘आम्ही गेलतो’ म्हणणाऱ्या मुलाला ‘आम्ही गेलो होतो’ वाचताना काय वाटत असेल, याचा विचार मी फार उशिरा केला. ही पुस्तकाची भाषा कानावर पडण्याचा एकच सोपा मार्ग आहे. कुणीतरी मोठ्या माणसानं पुस्तक हातात धरून, चित्रं दाखवत, रोज मोठ्यानं वाचून दाखवायचं. आम्ही त्याला प्रकट वाचन म्हणतो. शिक्षक वाचतो, मुलं ऐकतात, मध्येच बोलतात, पुढं काय होईल त्याचा अंदाज बांधतात. पुढच्या पायरीला सहवाचन: मोठ्या अक्षरांचं पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरून बरोबरीनं वाचायचं. मग दोघादोघांचं जोडीवाचन, आणि शेवटी ज्याचं त्याचं स्वतंत्र. लिहायला सोपं वाटतं, पण यासाठी चाळीस पाठ्यपुस्तकं पुरत नाहीत. चाळीस निरनिराळी पुस्तकं लागतात, दर महिन्याला बदलणारी लागतात. एकट्या शाळेच्या कपाटात ती कधीच नसतात. वाचनालयाची गरज लागते ती इथं.

हे सुचणारे आपण पहिले नव्हे. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मग प्रश्न आला की शाळा सुटल्यावर गावात वाचायला काहीच नसेल तर ही मुलं शिकलेलं किती दिवस टिकवतील? म्हणून 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून सयाजीरावांनी ग्रंथालय खातं उभं केलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव फिरू लागली. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी काही रक्कम उभी केली तर तेवढीच सरकारनं आणि तेवढीच पंचायतीनं घालायची, असा त्रिभागाचा नियम होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या या राजाला जे शंभर वर्षांपूर्वी दिसलं ते असं की शाळा आणि वाचनालय हे एकाच कामाचे दोन हात आहेत. ते पुढं आपण दोन विभागांत वाटून टाकले, याची खंत मला नेहमी वाटते. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं. वाचनालयांची इतकी जुनी परंपरा असलेल्या या मुलखात मुलांसाठीची खोली मात्र फार उशिरा, आणि फार थोड्या ठिकाणी उघडली.

शिक्षकांच्या बाजूनंही वारसा आहे. साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिकवत तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून एक दैनिक काढत. एक शिक्षक, एक लेखणी, आणि वाचायला उत्सुक मुलं. त्यांच्या मागे त्यांच्या नावानं कथामाला उभी राहिली आणि गावोगावच्या शिक्षकांनी मुलांना गोष्टी सांगणं हे सार्वजनिक काम मानलं. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ 1881 चं, वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ 1906 चा, आणि बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासूनचं. मराठी मुलांना वाचायला द्यायला आपल्याकडे काहीच नव्हतं असं म्हणता येणार नाही. पोचवणारे हात कमी पडले.

आज ते हात कुठं कुठं आहेत, हे पाहायला आमच्यातले काही जण मुद्दाम फिरले. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळच्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम चालवते. तरुण नट आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकातली गोष्ट नाटकासारखी सादर करतात आणि त्यानंतर तीच पुस्तकं मुलांच्या हाती येतात. रंगमंचावर पाहिलेलं पात्र पानावर सापडलं की अडखळत वाचणारं मूलही पान सोडत नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वस्तीतल्या शाळा सोडलेल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. गोव्यात ‘बुकवर्म’ 2005 पासून काम करतंय. त्यांचे कार्यकर्ते पुस्तकांच्या पिशव्या घेऊन सरकारी शाळांत ठरलेल्या दिवशी जातात, वाचून दाखवतात, देवघेव करतात आणि पुढच्या वेळी पुन्हा येतात. या तिन्ही ठिकाणांत मला एकच गोष्ट सारखी दिसली. तिथली मोठी माणसं मुलांची पुस्तकं स्वतः वाचतात, त्यांवर भांडतात, आवडली नाहीत तर तसं म्हणतात.

आमच्या बैठकांची सुरुवात म्हणूनच तिथून झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी कुणा एका वाचनालयात जमायचं. प्रत्येकानं मुलांचं एक पुस्तक आणायचं आणि इतरांना वाचून दाखवायचं, एवढाच नियम. पहिल्या दोन-तीन बैठका अवघडल्यासारख्या गेल्या. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं, पण मोठ्यानं वाचताना आवाज सपाट व्हायचा, जणू परिपत्रक वाचतोय. एका ग्रंथपाल ताईंनी माधुरी पुरंदरे यांचं एक चित्रपुस्तक वाचायला घेतलं आणि प्रत्येक चित्रापाशी थांबून नुसतं बघत राहिल्या. पूर्ण खोली गप्प. मग कुणीतरी पाठीमागून म्हणालं, ‘ते मांजर बघा, आधीच्या पानावर पण होतं.’ त्या दिवशी आम्हाला चित्र वाचणं म्हणजे काय ते कळलं.

सगळ्यात अवघड सवय होती ती तात्पर्याची. गोष्ट संपली की आमच्या तोंडून आपोआप यायचं, ‘मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ मूलही हुशार असतं. गोष्ट ऐकताना त्याचं अर्धं लक्ष त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जातं. खोटं बोलू नये, एकी हेच बळ, आळस करू नये, ही उत्तरं त्यानं पाठच करून ठेवलेली असतात आणि कुठल्याही गोष्टीला त्यातलं एक चिकटवता येतं. आम्ही ठरवलं की सहा महिने कुणीही हा प्रश्न विचारायचा नाही. त्याऐवजी विचारायचं: तुला कोण आवडलं? तू तिथं असतास तर कुठं लपला असतास? ते असं का वागलं असेल? आमच्यातल्या एका बाईंनी टिपणात लिहिलंय की या बदलानंतर त्यांच्या वर्गात जी मुलं कधीच हात वर करत नसत, ती आधी बोलू लागली. कारण या प्रश्नांना पाठ केलेलं उत्तर नसतं आणि चुकण्याची भीतीही नसते. या पुस्तकातलं ते टिपण मी सगळ्यात आधी वाचायला सांगीन.

दुसरा मोठा प्रश्न पुस्तकं हरवण्याचा. यावर आमच्या बैठकांत जितका वेळ गेला तितका दुसऱ्या कशावर नाही. मूल पुस्तक घरी नेईल, धाकटं भावंड फाडेल, पावसात भिजेल, शेळी खाईल. हे सगळं झालंही. पण वाचनालयाच्या कामात निर्लेखन नावाची गोष्ट असते हे शिक्षकांना ग्रंथपालांकडूनच कळलं. वापरून जीर्ण झालेलं पुस्तक रीतसर नोंद करून यादीतून काढता येतं. वापरून फाटलेलं पुस्तक हा गुन्हा नाही, ते त्या पुस्तकाचं पूर्ण झालेलं आयुष्य आहे, असं एका ज्येष्ठ ग्रंथपालांनी सांगितलं तेव्हा आमच्यातले काही मुख्याध्यापक मोकळे हसले. मग व्यवस्था बसली. वाचनालयानं शाळेला दर महिन्याला एक पेटी द्यायची, शाळेनं आपल्या कपाटातली पुस्तकं त्या पेटीत मिसळायची, आणि देवघेव वही मुलांनीच लिहायची. चौथीतल्या मुली ती वही इतक्या काटेकोरपणे लिहू लागल्या की उशीर झाला तर गुरुजींनाही सोडत नसत. मुलांच्या संध्याकाळच्या आवाजाचं काय, यावर तोडगा निघाला तो वाचनालयाच्या ओट्यावर. दोरी बांधून त्यावर पुस्तकं टांगली, चटई टाकली. आत शांतता, बाहेर गोंगाट. वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबाच मग कधी कधी ओट्यावर बसून वाचून दाखवू लागले.

बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांचा प्रश्न वेगळा होता. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलंही जातात, आणि परतेपर्यंत शिमगा उलटलेला असतो. चार-पाच महिने झोपडीवजा कोपीत राहणाऱ्या मुलाला पुस्तक द्यायचं की नाही? वाद झाला. शेवटी काहींनी दिलं. चार पातळ पुस्तकं, एक वही, एक पेन्सिल, आणि ‘परत आणायची घाई नाही’ असं सांगून. सगळी परत आली नाहीत. जी आली ती उसाच्या पाचटाचा वास घेऊन आली, आणि एका मुलानं पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर कारखान्याचं, बैलगाड्यांच्या रांगेचं चित्र काढलेलं होतं. ती पुस्तकं पुढच्या हंगामाआधी पुन्हा पेटीत गेली.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन होतो. 2015 पासून तो शाळाशाळांतून साजरा होतोय. त्या दिवशी कपाटं उघडतात, मुलं अंगणात ओळीनं बसून वाचतात, छायाचित्रं पाठवली जातात. दिवस चांगलाच आहे. पण 16 ऑक्टोबरला सकाळी ती पुस्तकं कुठं असतात, हे आमच्या गटाला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून या पुस्तकात मोठ्या कार्यक्रमांची वर्णनं फारशी नाहीत. त्यापेक्षा साध्या दिवसांची आहेत. पेटी वेळेवर आली नाही तो आठवडा, वाचून दाखवताना मुलं कंटाळली ती गोष्ट, ग्रंथपाल आजारी पडले तेव्हा किल्ली कुणाकडे होती, नव्या गुरुजींना हे सगळं पुन्हा कसं समजावलं. बदल्या हा आमच्या कामाचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. शिक्षक जातो, आणि त्याच्यासोबत पाच वर्षांची ओळख जाते. वाचनालयाचा ग्रंथपाल मात्र गावातच राहतो. म्हणून पेटीची जबाबदारी त्यांच्याकडे ठेवावी, असं अनुभवावरून आमचं मत झालंय. त्याचं त्यांना वेगळं काहीही मिळत नाही, आणि ही गोष्ट बोलून दाखवायलाच हवी. मानधनाचा प्रश्न सुटल्याशिवाय ही रचना फार काळ लोकांच्या चांगुलपणावर उभी राहणार नाही.

या टिपणांतलं शेवटचं माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल आहे, म्हणून त्यावर दोन शब्द. चौथीतली ती मुलगी पेटीतलं एक पुस्तक घरी घेऊन गेली. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट. रात्री आजीला वाचून दाखवत होती. आजीनं मध्येच थांबवलं. म्हणाली, आमच्या गोष्टीत वाघ नव्हता, आमच्या डोंगरात वाघ कुठला, तरस होतं. आणि म्हातारीनं भोपळा तोडला कुणाच्या वेलाचा, तेही आजीला ठाऊक होतं. मुलीनं दुसऱ्या दिवशी ते शाळेत सांगितलं. आम्ही तिला म्हटलं, लिही. तिनं आठवडाभर आजीला विचारून विचारून लिहिलं, ‘गेलती’, ‘बसलती’ जसंच्या तसं ठेवून. चित्रं तिच्या भावानं काढली. पाच कागद मधोमध दुमडून सुईदोऱ्यानं शिवले आणि मी ते ग्रंथपालांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग दाखल नोंदवही काढली, पुढचा क्रमांक टाकला, लेखकाच्या रकान्यात नातीचं आणि आजीचं अशी दोन्ही नावं लिहिली, किमतीच्या रकान्यात ‘भेट’, आणि मागच्या बाजूला शिक्का मारून ते बालविभागाच्या फळीवर ठेवलं. ही प्रस्तावना लिहिण्याआधी मी ते पुन्हा पाहायला वाचनालयात गेलो होतो. फळीवर नव्हतं. देवघेव वहीत तिसरीतल्या एका मुलाच्या नावावर होतं, आणि परत करायची तारीख उलटून गेली होती.